तीन उपोद्घात आणि शेवळाची भाजी

"भाभी, साहेबांच्या पानावर नुसतं 'शुभेच्छा' का लिव्हलंय?" बाळूभाऊ फोनवर विचारत होते. "सरांच्या पानावर बघा कसला भारी शब्द हाये. उपोद्घात. साहेबांच्याबी पानावर त्योच टाका."

"बाळूभाऊ, एका पुस्तकात दोन उपोद्घात नसतात."

"मग तीन टाका. महाराजांनाबी बरं वाटंल."

मी छपाईच्या मशीनशेजारी उभी होते. मशीन बंद होतं. प्लेट तयार करायची तर पानांचा क्रम ठरायला हवा होता, आणि तो ठरत नव्हता. साहेब म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. पण 'माजी' हा शब्द त्यांच्या पानावर कुठेही येऊ द्यायचा नाही, अशी बाळूभाऊंनी आधीच ताकीद दिली होती.

जुन्नरला आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, दुकानांची बिलबुकं, आणि अधूनमधून एखादं पुस्तक. आमच्या घराण्यात पूर्वी हातकागद करायचे. तो धंदा कधीच बसला. आता कागद टेम्पोतून येतो आणि आम्ही त्यावर छापतो, म्हणजे कागदाची संगत काही सुटली नाही. वडिलांनंतर छापखाना मी चालवते. गिऱ्हाईक मला भाभी म्हणतं, ताई म्हणतं, उधारी मागितली की मॅडम म्हणतं.

हे पुस्तक यमुनाबाईंचं होतं. त्या तळेघरच्या, तिकडे भीमाशंकरच्या अंगाला. अंगणवाडी सेविका म्हणून नोकरी झाली, निवृत्त झाल्या. माहेर घाटघरचं, म्हणून लहानपणापासून त्यांचा बाजार जुन्नरचा. पुस्तक काढायचं डोक्यात आल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या. विषय, डोंगरातल्या रानभाज्या. कुठली कधी येते, कशी ओळखायची, कशी निवडायची, कशी करायची. साधं, नेटकं, कामाचं पुस्तक. प्रूफं वाचता वाचता मला दोनदा भूक लागली होती.

बाळूभाऊ हे त्यांचे धाकटे दीर. लेखन वहिनींचं आणि बाकी सगळी व्यवस्था यांची. माणूस उत्साही. गावात कुठलाही कार्यक्रम असो, माइक यांच्या हातात. आणि प्रकाशन म्हणजे कार्यक्रमच की.

आता थोडं धंद्यातलं सांगते, म्हणजे माझी पंचाईत कळेल. पुस्तक पान-पान करून छापत नाहीत. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापतात, त्याच्या घड्या घालतात आणि त्यातून सोळा पानं निघतात. त्याला फर्मा म्हणतात. मुख्य मजकुराचे फर्मे आधी छापून होतात. सुरुवातीची पानं, म्हणजे पुस्तकाचं नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका, ही सगळ्यात शेवटी छापतात. वाचकाला जे पहिलं दिसतं ते आम्ही शेवटी करतो. याचं कारण शास्त्रीय वगैरे काही नाही. प्रस्तावना लिहिणारी माणसं वेळेवर देत नाहीत, हेच कारण. म्हणून त्या पानांना आकडेही वेगळे असतात. एक, दोन, तीन असे अक्षरात. प्रस्तावना कितीही फुगली तरी आतल्या पानांचे आकडे हलत नाहीत.

इथे ती फुगली होती. एका फर्म्यात सगळं बसवायचं होतं. त्यात महाराजांचे आशीर्वाद, साहेबांच्या शुभेच्छा फोटोसकट, आणि बोराडे सरांचा उपोद्घात. बोराडे सर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, मंचरला राहतात. जुन्या ग्रंथांतल्या वनस्पतींचा त्यांचा अभ्यास आहे. त्यांनी सुरुवात वैदिक ऋषींच्या आहारापासून केली होती आणि तिथून तळेघरला पोचायला त्यांना सहा पानं लागली होती. वाटेत कुठली एसटी मिळाली नसावी.

तिघांचाही निरोप एकच. आपलं पान पहिलं हवं. कुणी स्वतःच्या तोंडाने म्हणालं नाही. मोठी माणसं असं म्हणत नसतात, त्यांच्या आजूबाजूची म्हणतात.

जागा पुरेना तेव्हा बाळूभाऊंनी परस्पर एक पान काढून टाकलं. ते यमुनाबाईंचं स्वतःचं होतं.

"अहो, लेखिकेचंच पान काढता?" मी विचारलं.

"वहिनींचं आख्खं पुस्तकच हाये की, राव. एका पानानं काय व्हतंय."

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई प्रूफं बघायला स्वतः आल्या. तळेघरहून जुन्नरला यायचं म्हणजे थोडं चालणं, मग एक एसटी, मग दुसरी एसटी, आणि मधे वाट बघणं. पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या आणि सुरुवातीची पानं एकेक करून उलटली. परत उलटली.

"माझं पान कुठंय?"

"बाळूभाऊंनी काढलंय. जागा नाही म्हणाले."

त्यांनी प्रूफं गोळा करून टेबलावर ठेवली. "त्ये पान न्हाई तर मग पुस्तक कशाला छापायचं?"

रागाने नाही, अगदी सरळ विचारलं. मी ते पान वाचलेलं होतं आणि मलाही तसंच वाटत होतं.

त्या पानाची हकीकत अशी. मागच्या उन्हाळ्यात यमुनाबाईंच्या मुलाचं, अमोलचं लग्न झालं. मुलगी लोणीची, स्वाती. लोणीही तळेघरसारखीच आंबेगाव तालुक्यातली, पण पूर्वेला. तिकडे बाजरी, कांदा, मोकळं माळरान. तळेघरला भात आणि नाचणी, डोंगर आणि झाडी. तालुका एक, पण चुलीवर शिजतं ते वेगळं. मिरगाच्या तोंडाला डोंगरात शेवळं येतात. जमिनीतून वर आलेले कोंब असतात. चवीला फार छान, पण खाजरी. तशीच शिजवली तर जीभ आणि घसा सुजतो. त्यात काकडाची आंबट फळं घालायची असतात. काकड म्हणजे खायची काकडी नव्हे, डोंगरातलं एक झाड. त्याच्या आंबटपणाने खाज मरते. तिकडच्या लहान पोरांनाही हे माहीत असतं, त्यामुळे कुणी कुणाला सांगत नाही.

स्वातीला कुणी सांगितलं नाही. यमुनाबाई त्या दिवशी घाटघरला बहिणीकडे गेल्या होत्या. सासऱ्यांनी रानातून शेवळं आणून ओट्यावर ठेवली. नवीन सून, सगळ्यांना खूश करायची हौस. तिने धुतली, चिरली, लसूण-मिरचीची फोडणी दिली. सासऱ्यांनी दोन घास जास्तच खाल्ले. थोड्या वेळात त्यांचा घसा असा सुजला की बोलता येईना. दवाखान्यात न्यावं लागलं. ते लवकरच बरे झाले, पण तोवर वाडीत बातमी पसरली होती की लोणीवालीनं सासऱ्याला इख घातलं. नळावर बायका हसून बोलायच्या. चेष्टाच होती म्हणे. पण चेष्टा ज्याची होते त्याला ती किती दिवस पुरते, हे करणाऱ्याला कळत नाही.

मग आखाड आला. आखाडात नवी नवरी माहेरी जाते, ही रीत आहे. स्वाती गेली. आखाड संपला, श्रावण संपला, दिवाळी झाली, ती आली नाही. अमोल चाकणला कंपनीत आहे, तो तिकडून लोणीला जाऊन तिला भेटायचा. तळेघरचं नाव काढलं की ती उठून आत जायची.

"मला येक सबुद बोलली न्हाई ती," यमुनाबाई सांगत होत्या. "भांडली असती तर बरं व्हतं. नळावर बाया बोलत व्हत्या तवा मी हंडा भरीत तिथंच हुबी व्हते. मी म्हणायला पायजे व्हतं, तिला काय ठावं, सांगायचं काम माझं व्हतं. न्हाई म्हणले. मग म्हणलं, आता समद्यांम्होरं म्हणते. छापूनच म्हणते."

म्हणून हे पुस्तक. आणि म्हणूनच प्रकाशन लोणीला, तेही शेवळं वर यायच्या आत. त्या पानावर सुरुवातीला लिहिलं होतं, 'आधी हे वाचा'. त्याखाली कुठल्या भाज्या खाजतात, कुठले कंद कडू असतात, कशात काय घातल्याशिवाय चूल पेटवू नये. आणि मग चार ओळी. माझी सून स्वाती हिने शेवळं काकडाशिवाय केली कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. चूक तिची नाही. परगावची मुलगी घरात आणली की तिला घरातलं सगळं सांगायचं काम घरच्यांचं आहे.

मी बाळूभाऊंना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाभी, माझंबी ऐका. लोणीत आमाला कोण वळखतं? साहेब आले तर मांडव भरंल. मांडव भरला तर वहिनी बोलल्यालं चार मानसं ऐकतील. मोकळ्या खुर्च्यांम्होरं बोलून सुनंचा मान कसा ऱ्हाईल?"

आता यात चूक काय काढणार? माणूस लबाडीने काही करत नव्हता. साहेब हवेत म्हणून साहेबांचं पान हवं, आणि मोठ्यांची पानं आली की वहिनींचं बसत नाही. पान काढलं तर पुस्तकात अर्थ नाही, ठेवलं तर कार्यक्रमाला माणूस नाही. मी यमुनाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मागं टाका शेवटाला. मोठ्या मानसांच्या म्होरं मी कशी बसू?"

शेवटी टाकलेलं पान कुणी वाचत नाही. आणि भाजी करून झाल्यावर ताकीद वाचून उपयोग काय? असलं पान आधीच हवं. पण हे तिघांपैकी कुणाला आणि कसं सांगायचं? विचार करून मी बोराडे सरांना फोन लावला. सहा पानं त्यांची होती, आणि तो शब्दही त्यांचाच होता.

"सर, एक शंका आहे. उपोद्घात म्हणजे नेमकं काय हो?"

सर खूश झाले. निवृत्त मास्तरला शंका विचारली की त्याचा दिवस चांगला जातो. "नसीमाबाई, तुम्ही विचारलंत, बरं केलंत. लोक नुसते घाबरतात. उप म्हणजे जवळ. उद् म्हणजे वर. आणि घात आलाय हन् धातूपासून. हन् म्हणजे मारणं, ठोकणं."

"म्हणजे इथे जी चालली आहे तीच. मारामारी."

सर हसले. "उद्घात म्हणजे प्रहार, तसाच आरंभ. त्या आरंभाच्या जवळ, त्याच्याही आधी येतो तो उपोद्घात. उद्घाटनाशी याचा संबंध नाही हं, ते निराळ्या धातूचं."

"मग प्रस्तावना?"

"प्रस्तावना हा नाटकातला शब्द. सूत्रधार येऊन आज कुठला खेळ आहे ते सांगतो, ती प्रस्तावना. लोकांना खुर्चीत बसवायचं काम. उपोद्घात जरा वेगळा. जुने शास्त्री काय म्हणायचे, मुख्य विषय उभा राहायला जो विचार आधी करावाच लागतो, ज्याच्यावाचून पुढचं अडतं, तो उपोद्घात. युरोपातले विद्वान ग्रीक शब्द वापरतात, प्रोलेगोमेना. त्याचाही अर्थ आधी सांगायच्या गोष्टी."

"सर, मग राग मानू नका. तुमच्या सहा पानांवाचून पुढचं कुठे अडतं?"

मला वाटलं, गेला आपला कार्यक्रम.

"नाही अडत," सर म्हणाले. "खरं सांगू? प्रस्तावना सगळेच लिहितात, म्हणून मी तो शब्द घातला. वजनदार वाटतो."

"आता त्याच वजनाने सभापतींनाही उपोद्घात हवाय. महाराजांनाही."

यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर मी त्यांना यमुनाबाईंचं पान वाचून दाखवलं, चार ओळींसकट. यमुनाबाई समोरच बसल्या होत्या, खाली बघत.

"हा उपोद्घात आहे," सर म्हणाले. "हा पहिला घ्या. माझं शेवटी टाका, परिशिष्ट म्हणून. आणि सभापतींना सांगा, बोराड्यांनी आपणहून मागची जागा मागितली."

हे शेवटचं वाक्य सरांनी सहज म्हटलं की मुद्दाम, मला अजून माहीत नाही. पण कामाचं तेच ठरलं. आपल्याकडे पंगतीत एखादा जाणता माणूस मागे जाऊन बसला की पुढच्या पाटावर बसलेल्यांना घास गोड लागत नाही. मी बाळूभाऊंना सांगितलं, बाळूभाऊंनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "आमचं काय, आमचं कुठंबी टाका." 'कुठंबी' म्हणजे कुठेही नव्हे, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मी त्यांचा फोटो आणि शुभेच्छा पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर घेतल्या. आतली पानं एकरंगी, कव्हर मात्र रंगीत. बाळूभाऊंनी मोबाइलवर डिझाइन दाखवलं, तेव्हा साहेबांनी ते लगेच स्टेटसला ठेवलं. उपोद्घाताची चौकशी तिथेच संपली. महाराजांचे आशीर्वाद कव्हरच्या आतल्या बाजूला बसले. ते बिचारे काहीच बोलले नव्हते, त्यांचा शिष्यच जास्त बोलत होता.

फर्म्याचं काम तसं सोपं होतं. सोळा पानांचा तो फर्मा मधोमध कापला. आठ पानं पुस्तकाच्या पुढे, आठ मागे. पुढच्या आठात यमुनाबाई, मागच्या आठात वैदिक ऋषी. फक्त एक घोळ झाला. मी उत्साहात यमुनाबाईंच्या पानावर मोठ्या टायपात 'उपोद्घात' टाकलं.

"ह्ये काय लिव्हलंय?"

"सर म्हणाले ना, हाच खरा उपोद्घात."

"आसंल. पण भाकरी थापता थापता बाई वाचनार. तिला कळाया नगं?" त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन तो शब्द खोडला आणि वर पुन्हा लिहिलं, 'आधी हे वाचा'. सरांना कळवलं. ते म्हणाले, भाषांतर उत्तम आहे.

लोणीला मांडव भरला. साहेब आले, वेळेवर नाही पण आले. मीही गेले, छापणाऱ्याला सहसा कुणी बोलवत नाही म्हणून आवर्जून गेले. स्वाती आईशेजारी बायकांच्या घोळक्यात बसली होती. सडपातळ, गंभीर मुलगी. हसली तर कशी दिसेल असं मनात आलं. तिची आई तर ताठच होती. भाषणं झाली. साहेब रानभाज्यांवर थोडं आणि रस्त्यांवर बरंच बोलले. मग बाळूभाऊंनी माइक वहिनींच्या हातात दिला.

यमुनाबाईंनी भाषण केलं नाही. पुस्तक उघडलं आणि पहिलं पान वाचलं. भाज्यांची नावं वाचताना आवाज खणखणीत होता, अंगणवाडीत पोरांना शिकवल्यासारखा. त्या चार ओळींपाशी आल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं आता नाही वाचत. पण वाचल्या, सगळ्या वाचल्या, हळू वाचल्या. सुनेचं नाव घेतलं, चूक तिची नाही म्हणाल्या, सांगायचं काम आपलं होतं म्हणाल्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले. लपवायचं काय त्यात?

मग त्या स्टेजवरून उतरल्या आणि पहिली प्रत स्वातीच्या हातात दिली. खाली बसून तिने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. खरोखर वाचायला लागली, पान उलटून, पुढे मागे बघून. लोक उठले, चहा वाटला गेला, साहेब गेले. ती वाचतच होती. यमुनाबाई बाजूला उभ्या होत्या. परीक्षेचा पेपर तपासून मिळायची वाट बघत असावं तशा.

शेवटी स्वातीने मान वर करून सासूकडे बघितलं. "आत्या, ह्याच्यात काकडाचा फोटो कुठंय?"

"आं?"

"काकड घाला, काकड घाला, लिव्हलंय चार ठिकाणी. पण झाडाचा फोटूच न्हाई. आमच्यासारखीनं वळखायचं कसं?"

यमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्वातीकडे बघितलं. तिचं बरोबर होतं. शेवळाचे तीन फोटो होते, कुर्डूचा होता, टाकळ्याचा होता, काकडाचा एकही नव्हता. ज्यांना काकड माहीत होतं त्यांनीच पुस्तक लिहिलं होतं. तपासलंही त्यांनीच. माझ्यासारखीला ते झाड कुठे माहीत होतं? पण मलाही विचारायचं सुचलं नाही. सरांनी वेदांपर्यंत शोध घेतला होता, त्यांनाही नाही.

"ऱ्हायलं गं," यमुनाबाई म्हणाल्या.

स्वातीची आई पुढे सरकली. ती म्हणाली, "मग जाऊन काढून आण की. मोबाइल हाये ना तुझ्याकडं?"

इतकंच. मीही निघाले. मला अंधाराआधी जुन्नर गाठायचं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी पुस्तक छापायला आलं आणि म्हणालं की सुरुवातीला अमुक साहेबांचं, तमुक सरांचं पान हवं, तर मी एकच विचारते. हे न वाचता वाचक पुढे गेला तर त्याचं काय बिघडेल? बहुतेक जण यावर चहा मागवतात. पानं काही कमी होत नाहीत, पण क्रमावरून भांडण होत नाही.

लोणीच्या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. झाड, जवळून घेतलेली फळं, आणि फांदी खाली ओढून धरणारा यमुनाबाईंचा बांगड्यांचा हात. खाली मेसेज होता. 'पुढच्या छपाईला हा टाका. आणि फळं किती घालायची तेही लिहा. आत्या म्हणतात अंदाजानं. आज मी केली तेव्हा त्या शेजारी बसून होत्या, म्हणून जमली. सगळ्यांच्या शेजारी कोण बसणार?'